रीतीचे मार्क

मी पोकर खेळतो हे आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्या मते मी लास वेगासला कॉन्फरन्सला जातो. (एकदा खरंच कॉन्फरन्स होती. एकदाच.) वर्षातून दोन-तीन लाँग वीकएंड, सॅन होजेहून शुक्रवारी संध्याकाळचं विमान, आणि शनिवारी तीनशे-चारशे डॉलर एन्ट्रीची एखादी स्पर्धा. हरलो तर तेवढेच गेले. बायकोशी तसा करार आहे. लेखी नाही, पण लेखीपेक्षा कडक.

आज लिहायचंय ते दोन डावांबद्दल. दोन्ही डावांत माझी अवस्था जवळजवळ सारखीच होती: स्पर्धा संपत आलेली, माझ्यापुढे चिप्सचा अगदी छोटा ढीग, आणि बोलायची पाळी सगळ्यात आधी माझी. पहिल्या डावात शाबासकी मिळाली आणि दुसऱ्यात बोलणी खाल्ली. मला विचाराल तर उलटं व्हायला हवं होतं.

ज्यांना पोकर येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (येत असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा, राग येणार नाही.) टेबलावर नऊ जण. प्रत्येकाला दोन पानं. दर डावाला दोघांनी पानं बघायच्या आधीच सक्तीने चिप्स टाकायच्या, त्यांना म्हणतात स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. हल्ली बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाच्या वतीने अँटीही भरतो. ही पाळी डावागणिक एकेक घर पुढे सरकते, आणि दर वीस-तीस मिनिटांनी हे आकडे वाढत जातात. बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे जो बसतो, तो सगळ्यात आधी बोलतो. त्या जागेला 'अंडर द गन' म्हणतात, म्हणजे कानशिलाला बंदूक लावलेला. नाव अगदी समर्पक आहे.

आता ही जागा वाईट का? तर तुमच्यामागे आठ जण अजून बोलायचे असतात आणि त्यांच्या हातात काय आहे याचा तुम्हाला काडीचाही पत्ता नसतो. साधं गणित करू. समजा शंभरातल्या सगळ्यात भारी पाच हातांनाच आपण 'जबरदस्त पानं' म्हटलं. एका माणसाकडे ती असण्याची शक्यता ५ टक्के. मागे दोघंच उरले असतील, तर दोघांपैकी कुणाकडे तरी असण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आतच. पण मागे आठ जण असतील तर तीच जाते ३४ टक्क्यांवर. म्हणजे तीन वेळांत एकदा कुणीतरी दबा धरून बसलेलं असणारच. म्हणून शहाणी माणसं इथून फार कमी पानं खेळतात.

मग थांबावं की! पण थांबताही येत नाही, कारण पुढच्याच डावाला बिग ब्लाइंड तुमचा. टेबलावर तुम्हीच असे, ज्याला थांबण्याचं बिल पुढच्या दोन मिनिटांत येणार आहे.

रमीवाल्यांना हे पटकन कळेल. आमच्या घरी दिवाळीत १०१ चा डाव बसतो. पानं उचलल्या उचलल्या पॅक केलं तर २० पॉइंट, मधेच केलं तर ४०. आई तेरा पानं लावते, दोन सेकंद बघते आणि म्हणते, "पॅक." मी आणि बाबा "बघू, एखादा जोकर येईल" करत बसतो आणि चाळीस घेऊन उठतो. आई बहुतेक दर वर्षी जिंकते. आम्ही तिला नशीबवान म्हणतो.

तर पहिला डाव. नोव्हेंबर २०२२, थँक्सगिव्हिंगचा वीकएंड. १२० जणांपैकी आम्ही नऊ उरलेलो, म्हणजे शेवटचं टेबल. मी यापूर्वी तिथवर कधीच पोचलो नव्हतो. ब्लाइंड १०,००० आणि २०,०००, अँटी २०,०००. माझ्याकडे दीड लाख. ऐकायला दीड लाख भरभक्कम वाटतात, पण ते साडेसात बिग ब्लाइंडच. टेबलाची एक फेरी फुकट बसून काढायची तर ५०,००० मोजायचे. म्हणजे तीन फेऱ्यांचं आयुष्य.

हा जो 'किती फेऱ्या' आकडा आहे, त्याला पोकरमध्ये 'एम' म्हणतात. १९९५ चा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याने २००० च्या दशकात पोकरवर जी पुस्तकं लिहिली, त्यांतून तो घरोघरी पोचला. नाव मात्र पॉल मॅग्रिएलच्या आद्याक्षरावरून, जो मूळचा बॅकगॅमनचा बादशहा. हॅरिंग्टनने एमचे रंग पाडलेत: २० च्या वर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी आणि पाचापर्यंत लाल. लाल पट्ट्यात गेलात की दोनच गोष्टी करता येतात, सगळ्या चिप्स पुढे ढकलायच्या किंवा पानं टाकायची. मधलं काही नाही. थोडेसे लावून 'बघू काय होतंय ते' म्हणायची चैन संपलेली असते.

माझा एम तीन. मी अंडर द गन. पानं उचलली तर इस्पिकचा एक्का आणि चौकटची दश्शी.

माझा एक मित्र, जो त्या दिवशी दुपारीच बाद झाला होता, कठड्यामागे उभा राहून बघत होता. मी पानं एकदा बघितली, परत बघितली, चिप्सवर हात ठेवला... आणि पानं टाकून दिली.

पुढचं भराभर सांगतो. पुढच्या डावात बिग ब्लाइंड आणि अँटीचे ४०,००० गेले, त्याच्या पुढच्या डावात स्मॉल ब्लाइंडचे १०,०००. पण त्याच डावात माझ्या डावीकडचा लाल टोपीवाला, ज्याच्याकडे ३०,००० च उरले होते, बिग ब्लाइंडमध्ये सक्तीने ऑल-इन झाला आणि हरला. नववा. दोन मिनिटांनी माझे एक लाख बादशहा-नव्वीवर गेले आणि मी आठवा. नवव्याला ८५० डॉलर होते, आठव्याला ११००.

"काय संयम आहे यार तुझा!" मित्र म्हणाला. "एक्का-दश्शी टाकलीस! मी असतो तर घातले असते सगळे."

अडीचशे डॉलर जास्त मिळाले. ते आम्ही रात्री जेवणावर उडवले आणि पुढे दोन महिने, कोणी विचारो न विचारो, मी हा किस्सा सांगत सुटलो. कसं मी हेरलं की टोपीवाला दोन डावांत मरणार, कसा मी शांत राहिलो, वगैरे.

यात एक बारीकशी लबाडी आहे. टोपीवाल्याकडे ३०,००० आहेत हे मला पानं टाकल्यानंतर दिसलं. आधी मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. किस्सा सांगता सांगता ते वाक्य कधी आपोआप आधी जाऊन बसलं, माझं मलाच कळलं नाही. खरं काय होतं सांगू? घाबरलो होतो. 'शेवटच्या टेबलावर पहिलाच बाद झाला' हे ऐकायचं नव्हतं. बास. त्याला मी संयम म्हणत होतो.

हे कळायला जानेवारी उजाडावी लागली. २०२३ च्या जानेवारीत आमच्या टीमवर कुऱ्हाड आली. कंपनीचं नाव घेत नाही, त्या महिन्यात ज्याला त्याला आपापलं नाव आठवेल. एच-वन-बीवर असणाऱ्याला नोकरी गेली की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मला धक्का बसला असं मी सगळ्यांना सांगितलं. पण धक्का कसला! सप्टेंबरपासून दिसत होतं. नव्या जागा भरणं थांबलं होतं, आमच्या मॅनेजरच्या मॅनेजरने हळूच दुसरा विभाग धरला होता. तेव्हा हातात नोकरी होती, चार लोक फोन उचलत होते. मी म्हणालो, घाई नको, बघू.

आणि मग ४१व्या दिवशी पहिली ऑफर आली. पगार कमी, ऑफिस लांब, उत्तर दोन दिवसांत हवं. बाकी दोन ठिकाणचे निकाल अजून यायचे होते. सगळ्यात आधी मी बोलायचं, मागे कोणाच्या हातात काय आहे माहीत नाही, आणि पुढच्या डावाला बिग ब्लाइंड. त्याच संध्याकाळी हो म्हटलं. नोकरी बरी निघाली, तक्रार नाही. पण ४१व्या दिवशी माझ्यापुढे निवड अशी उरलीच नव्हती. जे काय ठरवायचं ते सप्टेंबरमध्ये ठरवायला हवं होतं, ढीग मोठा असताना.

त्या ४१ दिवसांत मुलाखती सोडल्या तर दुसरा उद्योग नव्हता. एका रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला आणि पायथनमध्ये तो एक्का-दश्शीचा डाव लिहून काढला. आपल्या जातीचे लोक दुःखात कोड लिहितात.

आधी नुसता चिप्सचा हिशोब. समजा मी सगळे दीड लाख लावले, आणि मागच्या आठांपैकी प्रत्येक जण शंभरातल्या उत्तम आठ हातांवरच कॉल करतोय. मग ५१ टक्के वेळा सगळे पानं टाकतात आणि मला फुकटात ५०,००० मिळतात. उरलेल्या ४९ टक्के वेळा कोणीतरी भिडतो, आणि तो भिडलाय म्हणजे त्याची पानं बहुधा माझ्यापेक्षा सरस. मी तीनात एकदाच जिंकेन असं धरलं. तरीही सरासरी हिशोब सुमारे ९,४०० चिप्सनी फायद्यात येतो! म्हणजे भिडल्यावर मी नुकसानीत आहे, पण लोक पळून जातात त्यातून ते भरून निघतं. यालाच फोल्ड इक्विटी म्हणतात. समोरच्याला 'नको बाबा' म्हणायला लावायची तुमची ताकद.

ही ताकद ढिगाच्या उंचीवर असते, आणि छोट्या ढिगाची खरी गंमत (की शोकांतिका) इथेच आहे. मी दीड लाख लावले तर बिग ब्लाइंडवाल्याला आणखी १,३०,००० घालावे लागतात. ते परवडायला त्याने शंभरात ३९ वेळा तरी जिंकायला हवं. मी वाट बघत बघत ६०,००० वर आलो आणि मग लावले, तर त्याला ४०,००० च घालायचे आणि शंभरात २७ वेळा जिंकला तरी पुरे. तेवढी संधी बहुतेक कुठल्याही दोन पानांना असते. तो न बघताच कॉल करेल. म्हणजे थांबून मी चांगल्या पानांची वाट बघत असतो, आणि ती येतात तेव्हा मला कोणी घाबरत नसतं.

मग फोल्ड साफ चुकलाच म्हणायचा? थांबा. चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. शेवटच्या टेबलावर चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, पण चिप्स शून्य झाल्या की खेळ संपतो. याचा हिशोब करायला आयसीएम नावाचं मॉडेल आहे. त्याचं मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे: डेव्हिड हार्व्हिलने १९७३ साली सूत्र मांडलं, की पहिला यायची शक्यता माहीत असेल तर दुसरा, तिसरा यायची कशी काढायची. १९८० च्या दशकात मेसन मालमुथने तीच कल्पना पोकरला लावली. पहिला यायची तुमची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला तुमचा वाटा, आणि पुढचं सगळं त्यावरून.

ते घातलं आणि निकाल फिरला. पैशांच्या हिशोबात फोल्ड वर! पण आयसीएमला एक गोष्ट दिसत नाही, कोण कुठे बसलंय ते. पुढच्या डावात ४०,००० माझ्याच खिशातून जाणार आहेत हे त्याला माहीत नसतं. ते हाताने घातल्यावर दोन्ही बाजू जवळपास बरोबरीला आल्या. मग टोपीवाल्याचे ३०,००० आणि त्याची येऊ घातलेली पाळी धरली, तेव्हा फोल्ड परत किंचित, अगदी किंचित पुढे गेला.

रात्रीचे अडीच वाजले होते. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं. आणि मला शाळेतले गणिताचे सर आठवले. उत्तर बरोबर आणि रीत नाही, की ते पाचातला एक मार्क देत आणि समासात लाल शाईने लिहीत, "रीत?" आम्हाला ते अन्यायाचं वाटायचं. उत्तर तर आलंय ना! पण सरांना माहीत असायचं की शेजारच्याची वही बघून आलेलं उत्तर पुढच्या गणिताला कामाला येत नाही. मी त्या डावात शेजारच्याचीही वही बघितली नव्हती. डोळे मिटून वही बंद केली होती, आणि उत्तर जुळलं. वर त्यावर दोन महिने कॉलर ताठ.

आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार असतात, हा एक प्रॉब्लेमच आहे. ट्रकच्या मागे 'थांबला तो संपला' आणि घाटातल्या पाटीवर 'अति घाई संकटात नेई'. आधी करायचं ते करावं आणि मग सोयीची पाटी उचलावी. पोकरच्या लोककथेतही तेच. १९८२ च्या जागतिक स्पर्धेत जॅक स्ट्रॉसकडे एकच चिप उरली होती आणि तिथून तो जिंकला, असं सांगतात. तेव्हापासून प्रत्येक घाबरट खेळाडू 'एक चिप आणि एक खुर्ची पुरे' म्हणत वाट बघत बसतो. स्ट्रॉसनंतर एका चिपवर बसून संपलेल्या हजारोंची गोष्ट कोणी सांगत नाही.

मी तेव्हापासून एवढाच नियम केला: पानं उचलायच्या आधी ठरवायचं. मी बटनाच्या डावीकडून कितवा, माझ्याकडे किती फेऱ्या, माझ्यापेक्षा छोटा ढीग कोणाचा आणि त्याची पाळी कधी. हे बघून यादी मनात करायची: या जागेवरून या जोड्या, हे एक्के, एवढी चित्रं, बाकी सगळं टाकायचं. मग पानं उचलायची. पानं हातात आली की माणूस वकील होतो, जे करायचंय त्याला कारणं शोधतो.

दुसरा डाव फेब्रुवारी २०२४ चा. अठरा जण उरलेले, नऊ-नऊची दोन टेबलं. बक्षीस सगळ्यांनाच लागलं होतं, आणि अठराव्यापासून दहाव्यापर्यंतच्या रकमांत फारसा फरक नव्हता. माझ्याकडे सात बिग ब्लाइंड. टेबलावर एकदा नजर फिरवली: माझ्यापेक्षा छोटा कोणीच नाही, म्हणजे कोणाच्या मरणाची वाट बघण्यात अर्थ नाही. पुढचा बिग ब्लाइंड माझा. यादी ठरवली. कुठलीही जोडी असली तरी चौकीपासून वर सगळ्या.

पानं उचलली. पंजीची जोडी.

"ऑल-इन."

एकेक जण पानं टाकत गेला. चार, पाच... बटनावर सत्तरीच्या एक आजी होत्या, स्वेटर, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी पानं बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि फार गोड आवाजात "कॉल" म्हणाल्या. अठ्ठीची जोडी. असं भिडलं की पंजीवाला पाचात एकदा जिंकतो. ती ती वेळ नव्हती. मी उठलो, आजींशी हात मिळवला, अठरावा.

कठड्यामागे तोच मित्र. "अरे, पंजीच्या जोडीवर? तेही पहिल्या जागेवरून? थांबायचं की थोडं!"

मी काहीच बोललो नाही. रस्त्यापलीकडे जाऊन कॉफी घेतली आणि नंतर, सवयीप्रमाणे, स्क्रिप्टमध्ये डाव घालून बघितला. भिडणं बरोबर होतं, आणि काठावरचं नव्हे. अर्थात मनाला लागलं नाही असं नाही. चारशे डॉलरची एन्ट्री, दहा तास बसून, हातात जेमतेम सातशे. पण रात्री झोप लागली, आणि मुख्य म्हणजे हा किस्सा सांगताना त्यातलं एकही वाक्य मला मागेपुढे करावं लागत नाही.

असो. यंदा दिवाळीत घरी जातोय. आईला सांगून टाकायचं ठरवलंय. ती आधी विचारेल, "किती घालवलेस?" तो प्रश्न जरा अडचणीचा आहे. पण तिला ओळखतो मी. थोडा वेळ घुम्यासारखी बसेल, पत्ते पिसेल, आणि मग हळूच विचारेल, "पानं काय होती?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. रीतीसकट.